कोसाइनचा नियम आणि कापलेले सात गुण

पत्र

सर, नमस्कार. मी दहावीत आहे, राहायला सोलापुरात विजापूर रोडला. गड्ड्याची जत्रा भरायच्या आधी आमची प्रिलिम झाली. गणिताच्या दोन्ही पेपरांत मिळून मला ८० पैकी ६८ पडले. खरं तर ७५ पडायला हवे होते. सात गुण सरांनी कापले, आणि तेही उत्तरं बरोबर असताना! माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत तो आला होता तेव्हा त्याने मला बऱ्याच पुढच्या रीती शिकवल्या, बाकीच्या मी व्हिडिओ बघून शिकलो. पायथागोरसचं प्रमेय मी कोसाइनच्या नियमाने दोन ओळींत सिद्ध केलं, चारपैकी शून्य. तीन बिंदू एकरेषीय आहेत हे निश्चयकाने (डिटरमिनंट) दाखवलं, दोनपैकी एक. बीजगणितात 'बेरीज २० असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार जास्तीत जास्त किती' हे विकलनाने (डिफरन्सिएशन) काढलं, तीनपैकी एक. सर म्हणाले, 'अभ्यासक्रमाबाहेरचं चालत नाही.' आई म्हणते, पुस्तकातलंच लिही, शहाणपणा करू नको. ताई बारावीला आहे, तिचेही असेच गुण गेलेत, लोपितालच्या नियमाला. गणित बरोबर असताना गुण कापणं हा अन्याय नाही का? आणि बोर्डात मी काय लिहू? आई क्लास बदलायचं म्हणतेय. तिन्ही उत्तरांचे फोटो पाठवतोय.
— चिडलेला दहावीवाला

उत्तर

बाळा, फोटो मोठे करून, चष्मा लावून, पेन्सिल हातात घेऊन पाहिले. अक्षर छान आहे. आता तुला आवडणार नाही असं आधी सांगतो: तिन्ही गणितांचा न्याय एकसारखा नाही. एका ठिकाणी तुझे सर बरोबर आहेत, एका ठिकाणी तू, आणि एका ठिकाणी दोघंही अर्धे अर्धे. 'अभ्यासक्रमाबाहेरचं चालत नाही' हे सरांचं वाक्य घाईतलं आहे, आणि 'उत्तर बरोबर म्हणजे गणित बरोबर' हे तुझं वाक्यही तसंच.

पायथागोरसपासून सुरू करू, कारण सगळा गुंता तिथंच आहे. तू लिहिलंस की कोसाइनच्या नियमात (एका बाजूचा वर्ग = बाकी दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज − त्या दोघींच्या गुणाकाराची दुप्पट × मधल्या कोनाचा कोसाइन) कोन ९० अंशांचा घेतला, त्याचा कोसाइन शून्य, म्हणून शेवटचं पद गेलं, उरलं ते पायथागोरस. सिद्ध झालं. मला सांग, हा कोसाइनचा नियम आला कुठून? तुझ्या दादाला फोन लावून विचार. तो सांगेल, त्रिकोणात एक लंब टाकायचा, दोन काटकोन त्रिकोण तयार होतात, आणि त्या दोघांना लावायचं… काय लावायचं? पायथागोरस. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच तू मागच्या दाराने आत घेतलंस आणि पुढच्या दाराने बाहेर काढून दाखवलंस. परीक्षकाने प्रमेय विचारलं, तू त्याला प्रमेयच परत दिलंस. हे अभ्यासक्रमात असतं तरी सिद्धतेला शून्यच.

पण थांब, इथंच एक गंमत आहे. तुझ्या उत्तरात नियम चुकीचा ठरला, कोसाइन नव्हे. कागद घे. त्रिकोण अबक काढ, काटकोन ब पाशी. (मी अक्षरं मुद्दाम मराठी घेतोय, तू तुझ्या पुस्तकातली घे.) ब वरून कर्ण अक वर लंब टाक, तो ड मध्ये मिळू दे. आता कर्णाचे दोन तुकडे झाले, अड आणि डक. लहान त्रिकोण अडब मध्ये अड म्हणजे अब गुणिले कोन अ चा कोसाइन (कोनालगतची बाजू भागिले कर्ण). तोच कोसाइन मोठ्या त्रिकोणात अब भागिले अक. म्हणून अड = अब² ÷ अक. दुसऱ्या बाजूने तसंच, डक = बक² ÷ अक. दोन्ही तुकडे जोडले की पूर्ण कर्ण, म्हणजे

अक = (अब² + बक²) ÷ अक.

वर गुणून घे. झालं पायथागोरस, आणि ते कोसाइननेच! यात कुठेही पायथागोरस आधी वापरलेला नाही. वापरलंय ते एवढंच, की कोन तोच असेल तर लहान त्रिकोण असो की मोठा, गुणोत्तर तेच राहतं. त्याला तुझ्या पुस्तकात समरूपता म्हणतात, आणि ते प्रकरण पायथागोरसच्या आधी येतं. आता पुस्तकातली सिद्धता उघडून बघ. तोच लंब, तेच दोन तुकडे, तीच बेरीज. फक्त 'कोसाइन' हा शब्द तिथं नाही. पुस्तक तुला कंटाळवाणं वाटलं, पण तुझीच कल्पना त्यात आधीपासून बसली होती.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या दोन शाळकरी मुली होत्या, नेकिया जॅक्सन आणि कॅल्सिया जॉन्सन. २०२३ साली त्यांनी पायथागोरसची त्रिकोणमितीवरून केलेली सिद्धता गणितज्ञांच्या सभेत मांडली, आणि २०२४ मध्ये ती आणखी काही सिद्धतांसह नियतकालिकात छापून आली. त्यांनी साइनचा नियम वापरला, अनंत श्रेढी वापरली, म्हणजे तुझ्या दहावीच्या पुढचं. तरी कुणी शून्य दिलं नाही. कारण वापरलेल्या एकाही गोष्टीच्या पोटात पायथागोरस लपलेला नाही, याची काळजी त्यांनी घेतली होती. साधन पुढच्या इयत्तेचं आहे की मागच्या, हे कुणी पाहिलं नाही. ते कशावर उभं आहे, हे पाहिलं.

आता माझी एक चूक सांगतो. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत गणित शिकवायचो. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू, बाप मागावर, आई विड्या वळणारी. एका चाचणीत मी अपोलोनियसचं प्रमेय विचारलं, म्हणजे त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज आणि मध्यगेचा वर्ग यांचं नातं. एका मुलीने आकृती काढली, मध्यगेचा पाया म हा आरंभबिंदू धरला, ब ला (−त, ०), क ला (त, ०), अ ला (प, फ) असे निर्देशक दिले आणि अंतराचं सूत्र लावलं. अब² म्हणजे (प + त)² + फ², अक² म्हणजे (प − त)² + फ². बेरीज केली की मधली पदं कटतात, उरतं २(प² + फ²) + २त². म्हणजे अम² ची दुप्पट अधिक बम² ची दुप्पट. संपलं. शब्द जवळजवळ नाहीतच, सगळी चिन्हं. मी लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि शून्य दिलं.

मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दारात उभी. म्हणाली, "सर, चुकलं कुठं?" मी म्हटलं, "पुस्तकात असं नाही." ती हलली नाही. "ते कळलं सर. पण चुकलं कुठं ते सांगा की." मी पेपर घेतला, चहा निवत गेला, आणि मला चूक सापडेना. कारण चूक नव्हतीच. अंतराचं सूत्र पायथागोरसवरून येतं, अपोलोनियसही पायथागोरसवरूनच येतं, कुणी कुणाच्या डोक्यावर पाय दिलेला नाही. शिवाय ते सूत्र दहावीच्याच पुस्तकात, फक्त दोन-तीन प्रकरणं पुढे. मी चारपैकी तीन दिले. चौथा का ठेवला? 'शब्दांत स्पष्टीकरण नाही' असं तेव्हा म्हणालो. खरं कारण मला माहीत होतं आणि तिलाही.

तेच अंतराचं सूत्र घेऊन तिने पायथागोरस सिद्ध केला असता, तर मात्र माझं शून्य बरोबर ठरलं असतं. साधन एकच, पण एका ठिकाणी चालतं आणि दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. हे एकदा कळलं की 'अभ्यासक्रमात आहे की नाही' हा प्रश्न निम्मा सुटतो.

ताईचंही तेच झालेलं दिसतंय. तिने बहुधा क्ष शून्याकडे जाताना साइन क्ष भागिले क्ष ही सीमा लोपितालने काढली असणार. सगळेच तिथं पडतात. लोपिताल लावायला, म्हणजे वरच्या आणि खालच्या भागाचं वेगवेगळं विकलन करून भागायला, साइनचं विकलन लागतं, आणि साइनचं विकलन काढताना हीच सीमा लागते. पुन्हा मागचं दार. दुसरी एखादी सीमा असेल, जिथं असा घोळ नाही, तर तिची तक्रार रास्त आहे, फक्त प्रश्नात रीत ठरवून दिलेली नसावी. जाता जाता, हा नियम लोपितालचा नव्हेच. लोपिताल हा फ्रेंच सरदार. तो योहान बर्नुली या स्विस गणितज्ञाला वर्षाला ३०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देऊन त्याच्याकडून गणित घ्यायचा, आणि १६९६ साली लोपितालच्या पुस्तकात हा नियम छापून आला. शिकवणीची फी भरली आणि नाव विद्यार्थ्याचं झालं, असं आपल्याकडच्या क्लासवाल्यांनी ऐकलं तर काय म्हणतील!

आता तुझं दुसरं गणित. बिंदू (१, ४), (३, ८) आणि (६, १४). तू निश्चयकाने क्षेत्रफळ काढलंस: १(८ − १४) + ३(१४ − ४) + ६(४ − ८), म्हणजे −६ + ३० − २४, शून्य. म्हणून एकरेषीय. बरोबर आहे, आणि इथं कुठलाही चोरदरवाजा नाही. सरांनी एक गुण कापला तो मला पटत नाही. पण पेपर पाहणाऱ्याच्या बाजूने बघ. तुझ्या उत्तरात एक आकडेमोड आहे आणि खाली 'म्हणून एकरेषीय'. मध्ये एक वाक्य हवं होतं: 'तीन बिंदूंनी होणाऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ शून्य असेल तर ते बिंदू एका रेषेत असतात.' हे सूत्र दहावीच्या पुस्तकात नाही, म्हणून ते काय आहे हे तू सांगायचं. पाहुणा घरी आणला तर ओळख आपणच करून द्यायची, घरच्यांनी ओळखून घ्यावं असं नसतं.

आणि एक विचारू? रागावू नको. चढाने करून बघितलंस का? पहिल्या दोन बिंदूंचा चढ ४ भागिले २, म्हणजे २. पुढच्या दोहोंचा ६ भागिले ३, म्हणजे २. मधला बिंदू सामाईक, चढ समान, एकरेषीय. दोन ओळी. तुझ्या निश्चयकाला पाच लागल्या, आणि एका ठिकाणी खाडाखोडही आहे. अंतराच्या सूत्राने केलं असतंस तर २√५, ३√५ आणि ५√५ आले असते, तेही सुंदर. पुढची रीत हातात आली की ती वापरून दाखवायची खाज सुटते, मलाही सुटायची. पण इथं तू लांबच्या रस्त्याने गेलास आणि वर टोल भरलास.

तिसरं गणित. पहिली संख्या क्ष, दुसरी २० − क्ष, गुणाकार २०क्ष − क्ष². विकलन २० − २क्ष, ते शून्य, म्हणून क्ष = १०, गुणाकार १००. उत्तर १००, बरोबर. पण विकलन शून्य झालं याचा अर्थ त्या जागी आलेख सपाट झाला, एवढाच. तो डोंगराचा माथा आहे की दरीचा तळ, हे तू कुठं लिहिलंस? तुझ्या दादाला बारावीत हे दुसऱ्यांदा विकलन करून दाखवावं लागलं असणार, नाहीतर त्याचेही गुण गेले असते. व्हिडिओत ही पायरी बहुतेकदा 'ऑब्व्हियस' म्हणून उडवतात. म्हणून पूर्ण गुण मीही दिले नसते. मी तीनपैकी दोन दिले असते.

हेच तुझ्या पुस्तकातल्या पूर्ण वर्ग पद्धतीने बघ: २०क्ष − क्ष² = १०० − (क्ष − १०)². वर्ग कधी ऋण नसतो, म्हणजे १०० मधून काहीतरी वजाच होणार, किंवा फार तर शून्य वजा होणार. शून्य कधी, तर क्ष = १० असताना. माथा कुठं, किती उंच, आणि तो माथाच का, हे तिन्ही एकाच ओळीत. पाठ्यपुस्तकातली रीत तुझ्या इंजिनिअरिंगच्या रीतीपेक्षा जास्त सांगून गेली. नेहमीच असं होत नाही. पण दहावीच्या गणितांत हे इतक्या वेळा होतं, की आधी पुस्तकाची रीत लावून बघावी असं मी म्हणेन.

बोर्डात काय लिहायचं, हे आता सांगतो.

भाग एक आणि भाग दोन, प्रत्येकी ४० गुण, दोन तास. म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. बहुपर्यायी प्रश्नांत तुझी रीत कुणी बघत नाही. तिथं निश्चयक लाव, विकलन लाव, बोटं मोज, रफ तुझी. कृतीचे प्रश्न, ते चौकटी भरायचे, त्यात रीत छापूनच आलेली असते. प्रत्येक पेपरात दोन ठिकाणी मिळून सात गुणांच्या त्या कृती आहेत आणि तिथं तुझ्या हुशारीला जागाच नाही; चौकटीत जे मागितलंय तेच भर. 'क्रेमरच्या पद्धतीने सोडवा', 'सूत्राचा वापर करून सोडवा' असं म्हटलं असेल तर तीच पद्धत. दुसऱ्या रीतीने उत्तर काढलं तर गुण गेले म्हणूनच समज, आणि ते योग्यच आहे, कारण तिथं उत्तर विचारलेलंच नाही, पद्धत विचारलीय. 'प्रमेय सिद्ध करा' असेल तिथं पुस्तकातली सिद्धता लिही. ती पाठ नसेल, ऐनवेळी दुसरी सुचली, तर लिही. पण आधी स्वतःला विचार, यातलं काही या प्रमेयावरूनच आलेलं नाही ना?

उरले ते मोकळे प्रश्न, 'काढा', 'दाखवा', 'किती असेल' असे. तिथं तुला मुभा आहे. मी पेपर तपासायला जायचो तेव्हा आम्हाला हेच सांगितलं जायचं की रीत निराळी पण बरोबर असेल तर गुण द्या. पण तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो, उन्हाळा असतो, पंखा आवाज करत असतो. ओळखीची रीत दिसली की त्याची नजर पायरी पायरी गुण देत खाली सरकते. अनोळखी दिसली की पेन थांबतं. त्या थांबलेल्या पेनाला तू काय देतोस, यावर पुढचं ठरतं. सूत्राचं नाव, ते का लागू पडतं याचं एक वाक्य, जमलं तर दोन ओळींत ते कुठून आलं. हे द्यायला वेळ नसेल तर सरळ पुस्तकाची रीत लिही आणि पुढच्या गणिताकडे जा.

जेईईला यातलं काहीच नाही. तिथं मशीन फक्त उत्तर बघतं, म्हणून फाउंडेशन बॅचमध्ये आठवीपासूनच झटपट युक्त्या भरवतात. ऑलिंपियाडच्या पुढच्या फेऱ्यांत उलट: कुठलंही साधन आण, कुठल्याही इयत्तेचं, फक्त प्रत्येक पायरीचं कारण दे. तुझा कल मला दुसरीकडचा वाटतो. मार्चनंतर त्या वाटेने चौकशी कर, आता नको.

सरांकडे जा. 'अन्याय' हा शब्द घरी ठेवून जा. मधल्या सुट्टीत जाऊ नको, त्या वेळी चहा निवतो आणि डोकं तापतं. शाळा सुटल्यावर जा आणि म्हण, "सर, एकरेषीयच्या गणितात चूक कुठं झाली ते कळलं नाही, दाखवता का?" चूक दाखवा, एवढंच विचार, गुण वाढवा म्हणू नको. पायथागोरसमध्ये तुझी आकृती, पक्ष आणि साध्य नीट आहेत, त्याचा एखादा गुण मिळू शकतो, तोही विचारून बघ. आणि जाताना तो कर्णावरचा लंब, दोन तुकडे आणि कोसाइन असं एका कागदावर नीट लिहून घेऊन जा. सरांना दाखव. गणिताचा मास्तर असला कागद हातात घेऊन बाजूला ठेवत नाही, तो खाली बसतोच.

माझ्या हिशेबाने तुझे ७१ होतात: प्रमेयाचा एक, एकरेषीयचा एक, विकलनाचा एक. उरलेले चार तुझेच गेलेत, सरांनी नेले नाहीत. क्लास बदलायचं काही कारण मला दिसत नाही, आईला तसं सांग. आणि दादा पुढच्या सुट्टीत आला की त्याला कोसाइनचा नियम पायथागोरस न वापरता सिद्ध करायला लाव. होतो तो. वर दाखवलेली दोन तुकड्यांची युक्तीच त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर लावायची. त्याला जमला नाही तर तू करून दाखव आणि मला फोटो पाठव.